सात्याचा रकाना

१४ जुलै

पांढरकवडा. खोलीवर परत. टाचेवर एक गोचीड, काढली.

टेकडीवरच्या कॅमेऱ्यांची कार्डं उतरवली. नाल्याकाठच्या कॅमेऱ्यात चौशिंगा. नर. पुढची दोन शिंगं पेराएवढी, मागची दोन लांब, चारही स्पष्ट. पायांवर पुढून काळी पट्टी. भेकर नाही, शंका नाही. आत्तापर्यंत नुसत्या लेंड्या सापडत होत्या. जनावर आज दिसलं, तेही पडद्यावर.

साहेबांना फोटो पाठवला. (संस्था त्यांची, बसतात नागपूरला, टेकडीवर एकदाच आलेत, हिवाळ्यात.) लगेच फोन. 'रुबिना, आपलं काम झालं.' मला वाटलं, पाहणी संपली म्हणतात. तसं नव्हतं. टेकडी पावसाळाभर माणसांना बंद करायची, हा प्रस्ताव त्यांच्याकडे आधीच लिहून तयार आहे. फक्त फोटो हवा होता.

जनावराचा जोडीचा काळ हाच. त्याला शांतता हवी, यात चूक काही नाही. पण टेकडीखालच्या कोलाम पोडावरच्या (पोड म्हणजे त्यांची वस्ती) बायका नेमक्या याच दिवसांत वर जातात, सात्या आणायला. वारुळावर उगवणारं अळिंबं. पावसाळ्यातलं तेल-मीठ त्यांचं त्यावर चालतं. ग्रामसभेत त्या हेच बोलणार, हे साहेबांना ठाऊक आहे. म्हणून मला हुकूम:

'एक तक्ता कर. इकडे चौशिंगा, तिकडे मशरूम. लोकांना फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे.'

करते म्हटलं.

१६ जुलै

तक्ता अर्धा भरूनच आला. पहिली ओळ, चौशिंगा: नामशेष होण्याच्या मार्गावर. सात्या: सामान्य, सर्वत्र.

एका ओळीत दोन चुका. लाल यादीत चौशिंगा 'असुरक्षित' आहे. ते पुरेसं वाईट आहे, त्याला आणखी रंग कशाला? आणि सात्या 'सामान्य' हे कुणी मोजलं? मी तर तिची जातसुद्धा शेवटपर्यंत ओळखू शकले नाही, फक्त गट.

तुलनेला एकक एक लागतं, हे आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलं. चौशिंग्याचं एकक एक चौशिंगा. सात्याचं काय? छत्री? ती तर नुसतं फळ. खरा जीव खाली वारुळात, वाळवीने पोसलेला. वाळवी त्याला खाऊ घालते, तो वाळवीला. माणसाला अजून तो शेतात पिकवता आलेला नाही. बटाट्यासारखा पेरा, असं होत नाही. वाळवी मेली की तोही गेला.

मी पहिली ओळ दुरुस्त करून पाठवली. उत्तर: 'फार टेक्निकल नको.'

मला कामावर घेताना जाहिरातीत हाच शब्द होता.

१९ जुलै

पोडावर गेले. मैनाबाईच्या अंगणात चार बायका सात्या निवडत बसलेल्या. लांब पांढरे देठ, खाली काळपट मूळ, वर करडी टोपी. मातीचा वास.

मैनाबाई इथली म्होरकी. पन्नाशीची असेल, विचारलं तर सांगत नाही. सून सुनीता, बारावी झालेली, माझ्याच वयाची.

मी विचारलं, कुठून आणल्या?

'वरून.'

वर कुठे?

'टेकडीवर.' सगळ्या हसल्या.

जीपीएस दाखवला. सांगितलं, ठिकाणं नकाशावर आली तर तुमचा वापर सिद्ध होईल, कागद लागतो. मैनाबाईने यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत दिलं.

'सात्याले बोट दाखवत नाही, बाई. बोट दाखवलं का पुढच्या साली तिथं येत नाही.'

मग एकमेकींना सांगता कसं?

तिने मूठ मिटली आणि कोपराने हवेत कुठेतरी दाखवलं. 'असं. ज्याले समजाचं त्याले समजते.'

सुनीता म्हणाली, 'मॅडमच्या मशीनले कोपर नसन.'

भाजी वाढली. मी नको म्हटलं. जात ओळखल्याशिवाय रानातलं अळिंबं खायचं नाही, हा नियम.

'आमी वळखतो न.'

मला ओळखता आलं पाहिजे.

'मंग राह्य तू उपाशी. आमी जेवतो.' आणि जेवल्या, माझ्यासमोर, सावकाश. मी बिस्किटं खाल्ली.

२० जुलै

साहेबांना कळवलं: बायका जागा सांगत नाहीत. रिवाज आहे. वापर मात्र उघड आहे, मी डोळ्यांनी पाहिला.

'ठिकाणं नाहीत म्हणजे डेटा नाही. डेटा नाही म्हणजे नगण्य. तसं लिही.'

पाहिलं म्हणते आहे ना मी. माझं पाहणं चौशिंग्याच्या लेंडीला चालतं.

हे वाक्य फोनवर म्हणायचं होतं. इथे लिहिते आहे.

२३ जुलै

टेकडीच्या पायथ्याला, नाल्याशी, पाटी लागली. 'वन्यजीव संवेदनशील क्षेत्र. प्रवेश बंद.' खाली बारीक अक्षरात 'प्रस्तावित'. संस्थेचं चिन्ह. मला कुणी सांगितलं नव्हतं. चिन्ह तेच, जे माझ्या ओळखपत्रावर आहे.

मी पोहोचले तेव्हा बायका खाली येत होत्या. वनरक्षक राठोडभाऊ पाटीजवळ उभे. माणूस वाईट नाही, पावसात भिजून कंटाळलेला. मैनाबाईची टोपली जमिनीवर.

'मावशी, मले वरून सांगितलं. मी काय करू?'

'वरून कोनं? पावसानं?'

सुनीताने पाटी वाचली, बारीक अक्षरासकट. 'भाऊ, प्रस्तावित म्हणजे अजून झालं नाही न?'

'झाल्यासारखंच हाय.'

'तुह्यं लगन झाल्यासारखं होतं तवा सासऱ्यानं पोरगी देली होती का?'

राठोडभाऊ हसले, पण टोपली सोडेनात. वर जायला मनाई, तर वरून आणलेलं कसं नेऊ देऊ, हा त्यांचा हिशेब. शेवटी माझ्याकडे बघितलं. 'मॅडम, तुमच्याच संस्थेचं हाय न? तुमीच सांगा.'

मी म्हटलं, टोपली द्या. दिली. म्हणाले, 'पर उद्यापासून नाही.'

सात्या उमलली त्या दिवशी काढावी लागते. दुसऱ्या दिवशी काळी पडते, किडे होतात. वर आता ज्या उमलल्या असतील, त्या तिथेच कुजणार. पाटी 'प्रस्तावित' आहे, कुजणं प्रस्तावित नाही.

मैनाबाई जाताना माझ्यासमोर थांबली. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तेवढं बघितलं. मी ते आत सरकवलं. का सरकवलं, माहीत नाही.

२६ जुलै

दिवसभर अहवालाचा नकाशा. साहेबांची सूचना: चौशिंग्याचे बिंदू दाखवू नकोस. शिकारी नकाशे वाचतात. मोठे चौकोन पाड, चौकोन रंगव, बिंदू पुस. 'त्याची जागा गोपनीय ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे.'

बरोबर आहे. सगळे तसंच करतात, मीही करते. चौकोन पाडले, बिंदू पुसले. मग त्याच नकाशाखालचा तक्ता उघडला. सात्याचा रकाना, साहेबांनी स्वतः भरलेला: 'ठिकाण: माहिती उपलब्ध नाही. सबब वापर नगण्य.'



चौशिंग्याची जागा आपण लपवली की ते कर्तव्य. बायकांनी आपली जागा लपवली की ती उणीव. एकाच पानावर, एकाच हाताने, वर 'गोपनीय' आणि खाली 'उपलब्ध नाही'. आणि दोन्ही लपवण्याचं कारण एकच: सांगितलं तर कुणीतरी येऊन संपवेल. जनावराला बंदूकवाला. सात्याला हायवेवरच्या ढाब्यांना माल पुरवणारा, जो हाताने खुडत नाही, फावड्याने अख्खं वारूळ उकरतो. बायकांनी 'बोट दाखवू नका' म्हटलं आणि आम्ही 'चौकोन पाडा' म्हटलं. आमचं शास्त्र झालं, त्यांची अंधश्रद्धा.

अब्बांचा फोन आर्णीहून. गॅरेजमध्ये मागे कुणाचीतरी बुलेट फुटफुटत होती. 'आवाज ऐसी क्यों है तेरी? बुखार है क्या?' नाही म्हटलं. 'तो फिर किससे लड़के आई?' अजून कुणाशीच नाही, म्हटलं.

२८ जुलै

रविवारचं ऊन, मग पाऊस, मग पुन्हा ऊन. सुनीताचा काल निरोप: यायचं तर ये, मशीन नको, मोबाइल नको. राठोडभाऊ आज तालुक्याला गेलेत.

मोबाइल मैनाबाईच्या तांदळाच्या डब्यात ठेवून निघाले. मैनाबाई म्हणाली, 'आत घंटी वाजली तं तांदूळ शिजन का?'

वर गेलो. कुठून, ते इथेही लिहीत नाही.

वारुळाशी पोहोचल्यावर सगळ्या उकिडव्या बसल्या. उमललेल्या तेवढ्याच काढल्या. कळ्या ठेवल्या. मूळ उपटायचं नाही, देठ फिरवून हलका खेचायचा, म्हणजे खाली घर फुटत नाही. मला जमेना, माझा देठ मधेच तुटला. मैनाबाईने तो टोपलीत टाकला आणि काही म्हटलं नाही, हे तिने केलेलं मोठं औदार्य असावं.

परत येताना बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, अस्वलाने ऐकून बाजूला व्हावं म्हणून. तेवढ्यात डावीकडे, उंच गवतात, काहीतरी धडपडत उठलं आणि झटके देत पळालं. चाल पाहिली. चौशिंगा. मादी, शिंगं नव्हती.

'भेडकी,' मैनाबाई म्हणाली. ती चौशिंग्याला आणि भेकराला एकच शब्द वापरते. 'पह्यले लय राहत. आमच्या बुढ्यानं मारून खाल्ली हाय. आता कोनी मारत नाही.'

म्हणजे हे नोंदवायलाच हवं: बायकांच्या आवाजाने जनावर उठलं. माझ्या देखत. माझ्यासाठी गैरसोयीचं आहे म्हणून ते पुसता येत नाही. खाली आल्यावर जुन्या कार्डांतले फोटो पुन्हा पाहिले. ज्या वाटेने बायका सकाळी जाताना दिसतात, त्याच वाटेवर त्याच दिवशी अंधार पडताना तो नर आलेला आहे. एकदाच नाही. म्हणजे परत येतो. पण एका नरावरून मादीबद्दल काही म्हणता येत नाही. 'बंदीने फायदा होईल' म्हणण्याइतका पुरावा नाही, 'त्रास नाही' म्हणण्याइतकाही नाही. हेच खरं उत्तर आहे आणि त्याला तक्त्यात रकाना नाही.

आज भाजी खाल्ली. चव कशासारखी, ते लिहिता येत नाही. कोंबडीसारखी म्हणतात. तशी नाही.

३० जुलै

तक्त्यात बदल करून पाठवला. 'ठिकाण' या ओळीत दोन्ही रकान्यांत एकच शब्द: गोपनीय. खाली टीप: माणसांच्या वावराने जनावर उठल्याचं एकदा पाहिलं, त्याच वाटेवर परतल्याचीही नोंद आहे, निष्कर्ष काढता येत नाही.

फोन आलाच. आवाज शांत. साहेब चिडले की 'तू'चं 'आपण' होतं.

'आपण तांत्रिक सहायक आहात. वकील नाही.'

मी म्हटलं, टीप तांत्रिकच आहे.

मग पुन्हा 'तू'वर आले. 'हे बघ, मला बायकांशी वैर नाही. तू वर जाऊन आलीस, मला कळलंय. मग बिंदू दे. तेवढे तुकडे मी बंदीतून वगळतो. लेखी देतो. त्यांचं काम होईल, आपलंही होईल.'

उपग्रहाचा फोटो उघडला तर मी ती वारुळं दाखवू शकते. नाला, वळण, मोठ्या सालईच्या झाडाचा ठिपका. यंत्र नसलं तरी डोळे होते. पण प्रस्तावाला बिंदू जोडले की ते जोडपत्र होतं, आणि जोडपत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतं. जनावराचे बिंदू जोडपत्रात नाहीत. ते चौकोनात सुखरूप.

विचारून सांगते म्हटलं. 'कुणाला विचारून?' या प्रश्नात त्यांना खरोखर आश्चर्य होतं.

३१ जुलै

पोडावर. सगळं सांगितलं, लपवलं नाही. बिंदू दिले तर काय, नाही दिले तर काय.

मैनाबाई: 'आमी तुले दाखवलं. कागदाले नाही दाखवलं.'

सुनीता उसळली. 'आत्याबाई, टेकडीच बंद झाल्यावर गुपित कायले, चाटाले? सांगू दे न तिले.'

'अन् ढाब्यावाले फावडे घेऊन आले मंग?'

'ते तं आजबी येऊ शकते.'

'आजवर आले का?'

'पाटी लागली होती का आजवर?'

सासू-सून एकमेकींकडे न बघता भांडत होत्या, दोघींचे हात भेंडीवर. मी मधे बसलेली. कुणाचंही चूक नव्हतं. चूक तिसरीकडे होती, नागपुरात, पंख्याखाली. कोणत्या दोघींनी कशावरून भांडायचं, हे तिथे ठरतं. आणि मग अहवालात येतं: 'स्थानिकांमध्ये एकमत नाही.'

निघताना मैनाबाई म्हणाली, 'तुह्या हातात हाय आता. आमच्या नाही.' हे मला नको होतं.

२ ऑगस्ट

ग्रामसभा. शाळेच्या वर्गात. साहेब आले, बूट कोरडे. भिंतीवर तक्ता. माझी टीप नव्हती, 'गोपनीय'ही नव्हतं. डावीकडे माझा चौशिंग्याचा फोटो, मोठा, सुंदर. उजवीकडे इंटरनेटवरून घेतलेली पांढरी बटण मशरूम, पाकिटातली.

मागून एक म्हातारा: 'हे सात्या नोहे, बाप्पा. हे तं लग्नातलं हाय.' वर्ग हसला. साहेबही हसले, त्यांना वाटलं आपल्याबरोबर हसतात.

सरपंच माझ्याकडे वळले. 'मॅडम, तुमी जंगलात राहिल्या. तुमीच सांगा. चौशिंगा मोठा का सात्या?'

म्हटलं, हा प्रश्नच चूक आहे.

'असं कसं. तक्ता तं तुमीच केला.'

म्हातारा पुन्हा: 'जे खाता येत नाही ते मोठं, सरपंच. खाता येते ते लहान.'

मी उभी राहिले. माझा आवाज मला बारीक वाटला. तीन गोष्टी सांगितल्या. एक: चौशिंगा इथे आहे, त्याला जपलं पाहिजे, त्यावर मला वाद नाही. दोन: बायकांच्या आवाजाने मादी पळताना मी पाहिली आहे. नरही त्याच वाटेवर परतताना कॅमेऱ्यात आहे. यावरून बंदी घालता येत नाही आणि बंदी चूक आहे असंही म्हणता येत नाही; आणखी एक पावसाळा बघावं लागेल, वाट खुली ठेवून. तीन: 'माहिती उपलब्ध नाही' हे खोटं आहे. माहिती आहे. माझ्याकडे आहे. चौशिंग्याची सांगणार नाही आणि सात्याचीही सांगणार नाही, आणि दोन्हीचं कारण एकच आहे.

साहेब म्हणाले, 'मग ती माहिती संस्थेची आहे.' मी म्हटलं, चौशिंग्याची आहे. दुसरी माझ्या पायांनी गेलेली, रविवारी, सुट्टीच्या दिवशी.

दुसरा मुद्दा सांगत असताना मैनाबाईने मान खाली घातली होती. तिसऱ्याला वर केली नाही. सभा संपल्यावर समोरून निघून गेली. बायकांमधली एक मला ऐकू येईल असं म्हणाली, 'आमच्याच घरी खाल्लं, अन् आमच्याच नावानं बोलली.'

दोन्ही बाजूंना वाईट झाले. खरं तर एवढीच मोजणी अचूक निघाली.

निर्णय पुढच्या सभेत. पुढची सभा कधी, ते ठरलं नाही. सात्याचा हंगाम सभेसाठी थांबत नाही. पाटी तोवर तिथेच. 'प्रस्तावित' आहे म्हणून काढता येत नाही, असं सरपंच म्हणाले. लावता मात्र आली होती.

साहेबांच्याच गाडीतून परत. उतरताना: 'सोमवारपर्यंत बिंदू पाठव. नाहीतर मी दुसरा माणूस पाठवतो. तो बायकांच्या मागून चालेल, विचारणार नाही.'

धमकी म्हणूनसुद्धा नीट दिली नाही. नुसतं नियोजन सांगितलं.

३ ऑगस्ट

दोन ईमेल लिहिल्या. एकीत राजीनामा, एकीत बिंदू. बिंदूंच्या जागी आकडे अजून भरलेले नाहीत. राजीनामा दिला तर दुसरा माणूस येतो. बिंदू दिले तर माणूस यायची गरजच उरत नाही. राहिले तर पाटीवरचं चिन्ह माझ्या गळ्यात. तिन्ही वाईट आहेत आणि एकमेकांशी तुलना होत नाही. साहेबांनी तक्ता करून दाखवावा.

संध्याकाळी सुनीताचा फोन. साहेब गाडीत काय म्हणाले, ते आधी तिला सांगून टाकलं.

'उद्या जाऊन राह्यलो आमी. पाटी असो का नसो. राठोडभाऊले सांगून देलं का आमी येतो. अडवजो म्हनलं, अडवाचं असन तं.'

ते काय म्हणाले?

'म्हने छत्री आनतो.'

मैनाबाई?

'रागात हायेत. तुह्यं नाव घेतलं का भांडं आपटते. पर तुले बलावू नको असं नाही म्हनल्या.' मग, 'तुह्या साहेबाचा मानूस मागून येईन म्हने. येऊ दे. मधी तू चालत असशील तं त्याले तुह्या मागून चालाव लागन. एवढंच बोलाचं होतं. येत असशील तं बूट घाल, चपला नको, मागच्या टायमाले घसरली. अन् येत नसशील तं सांगू नको, आमी वाट नाही पाहत.'

हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. तिनेच ठेवला.

ईमेल दोन्ही तशाच आहेत. बूट ओले होते. पंख्याखाली ठेवले, नाड्या सोडवून.